ग्रीनलंडचा प्रवास: नूक ते इलुलिसात, आणि तिथल्या ताटातला पारा

ग्रीनलंडला लोक हिमनग, देवमासे आणि मध्यरात्रीचं ऊन बघायला जातात, आमचाही बेत तोच होता. पण जुलै २०२५ मध्ये निघायच्या थोडं आधी डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांचं एक काम वाचनात आलं आणि डोक्यातून जाईना. त्यांनी ग्रीनलंडमधले अस्वल, सील, मासे वगैरेंचे गेल्या चाळीसेक वर्षांतले सातशेच्या वर नमुने तपासले होते. जगात हवेत जाणारा पारा मधल्या काळात काही ठिकाणी कमी झाला, तरी आर्क्टिकच्या प्राण्यांत तो वाढतोच आहे, का? तर समुद्राच्या प्रवाहांबरोबर जुना पारा अजून येतोय. हवेत पारा साधारण वर्षभर राहतो, समुद्रात शेकडो वर्षं.

मी चंद्रपूरची, बाबा ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला होते, त्यामुळे कोळसा आणि चिमण्या बघतच मोठी झाले. कोळशात अगदी सूक्ष्म प्रमाणात पारा असतो आणि जाळला की तो वाफ होऊन चिमणीतून निघून जातो, हे कॉलेजात केमिस्ट्री शिकताना कळलं होतं. पण तो पुढे कुठे जातो हे काही कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून यावेळी ठरवलं की तिकडे गेल्यावर लोकांना विचारायचं, ते काय खातात आणि त्यांना याबद्दल काय वाटतं.

आधी व्हिसाचं सांगते कारण बरेच जण इथेच अडकतात. ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एका सामाईक व्हिसावर चालणाऱ्या देशांत नाही. भारतीय पासपोर्टवर साधा शेंगेन व्हिसा चालत नाही, अर्ज करतानाच ग्रीनलंडसाठी वैध असा उल्लेख मागून घ्यायचा. युरोपचं मोबाईल रोमिंग पण तिथे लागू नाही, चालू ठेवलंत तर बिल बघून घाम फुटेल, वायफायवर भागवा.

नूक, उतरलो तो दिवस

कोपनहेगनहून नूकला, म्हणजे ग्रीनलंडच्या राजधानीला, आता थेट विमान जातं, नवीन मोठी धावपट्टी २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली तेव्हापासून. उतरलो तेव्हा धुकं इतकं की शहराची ओळख असलेला सेर्मित्सियाक डोंगर दिसलाच नाही. जुलै असून सहा-सात डिग्री, वारा बोचरा. इथल्या उन्हाळ्याला उन्हाळा समजून कपडे नेऊ नका, लोकरीची टोपी आणि वारा अडवणारं जॅकेट दोन्ही लागतंच.

सामान टाकलं आणि थेट कलालियाराकला गेलो, म्हणजे शिकारी आणि कोळी लोक आपला माल विकतात तो बाजार. छोटीशी जागा, स्टीलची टेबलं, स्वच्छ धुतलेली. एका टेबलावर सीलचं मांस, गडद, जवळजवळ काळं म्हणावं असं लाल, शेजारी त्याचं काळीज आणि फासळ्या, पलीकडे कॉड मासा आणि समुद्री पक्षी. वास तीव्र होता पण घाण नव्हता, ताज्या रक्ताचा आणि समुद्राचा. एक साठीतली बाई सीलच्या फासळ्या घेत होती, तिच्या नातीने इंग्रजीतून समजावलं की आजी याचा सुआसात करणार, म्हणजे सीलच्या मांसाचं तांदूळ-कांदा घातलेलं सूप. घरात कोणी आजारी असलं की हेच करतात म्हणाली. मला एकदम आपल्याकडची आजारपणातली पेज आठवली.

मी नातीला पाऱ्याचं विचारलं, तिला लगेच समजलं. शाळेत शिकवतात म्हणाली. आजीला सांगितलं तर आजी म्हणते मी सत्तरीला आले, मला आता काय होणार. नात स्वतः मात्र यकृत खात नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, माझाही आधी गोंधळ होता. आर्क्टिकमध्ये येणारी बाकीची विषं, पीसीबी वगैरे, ती चरबीत साठतात. पारा तसा नाही, मिथाइल पारा, म्हणजे समुद्रातले जिवाणू पाऱ्याचा जो प्रकार बनवतात तो, प्रथिनांना चिकटतो, त्यातल्या गंधकाला. त्यामुळे तो मांसात, यकृतात, मूत्रपिंडात आणि केसांत सापडतो, चरबीत फारसा नाही. म्हणजे सीलची चरबी काढून टाकून नुसतं मांस खाल्लं की सुटलो असं नाही.

नूक, दुसऱ्या दिवशी

सकाळी राष्ट्रीय संग्रहालय. जुन्या बंदराशी आहे, चालत जाता येतं, आणि पाऊस असेल तर अर्धा दिवस आरामात जातो. आम्ही तिथे मुख्यतः किलाकित्सोकच्या ममी बघायला गेलो. १९७२ साली उमानाक भागात शिकारीला गेलेल्या दोन भावांना एका कपारीत दगडांखाली आठ देह सापडले, सहा बायका आणि दोन मुलं. साधारण १४७५ च्या सुमाराचे. थंड कोरड्या हवेत आपोआप टिकलेले, अंगावर सीलच्या कातड्याचे आणि पक्ष्यांच्या पिसांचे कपडे. त्यातलं एक बाळ आहे, सहाएक महिन्यांचं, फरच्या टोपीत, चेहरा वर केलेला. खोलीत उजेड मंद ठेवलाय. मी त्या काचेपुढे खूप वेळ उभी होते, फोटो काढावासा वाटला नाही.

या ममींच्या केसांतला पारा मोजलेला आहे. १९८० च्या दशकात तो तपासला आणि आत्ताच्या ग्रीनलंडच्या माणसांशी ताडून पाहिला, तर पाचशे वर्षांपूर्वीच्या केसांत पारा होता, पण आजच्यापेक्षा बराच कमी. म्हणजे थोडा पारा निसर्गात आधीपासून आहेच, ज्वालामुखीतून वगैरे येतो, आणि या बायका सील, मासे हेच खात होत्या. जेवण तेच राहिलं. त्यातला पारा वाढला तो आपल्या खाणींनी आणि भट्ट्यांनी. जुनी हाडं, दात, केस, पिसं अशा सगळ्यांवरून काढलेला अंदाज असा की आर्क्टिकच्या मोठ्या शिकारी प्राण्यांत आज जो पारा आहे त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त माणसांच्या उद्योगांमुळे आलेला आहे. हा आकडा मी आधी वाचला होता, पण त्या बाळासमोर उभं राहून आठवला तेव्हा पोटात कालवलं.

नूकमध्ये जेवण महाग आहे, सुपरमार्केटमध्ये भाजी-फळं जहाजाने किंवा विमानाने येतात त्यामुळे टोमॅटो, द्राक्षं यांच्या किमती बघून दुसरीकडे बघावं लागतं. बरोबर पोह्यांची, उपम्याची पाकिटं नेली होती ती फार कामी आली. नळाचं पाणी मात्र बिनधास्त प्या, अप्रतिम आहे.

सारफाक इत्तुक जहाजावर

नूक ते इलुलिसात विमानाने तासाभराचं काम, पण आम्ही मुद्दाम सारफाक इत्तुक हे किनाऱ्याचं प्रवासी जहाज घेतलं. ग्रीनलंडमध्ये एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता नाही, त्यामुळे हे जहाज म्हणजे इथल्या लोकांची एसटीच. लग्नाला निघालेले, दवाखान्यातून घरी परतणारे, फुटबॉल स्पर्धेला चाललेली पोरं, सगळे यात. पर्यटक पण असतात पण कमी. केबिन न घेता साधा बर्थ घ्या, लोकांशी बोलणं तिथेच होतं.

आमच्या शेजारच्या बर्थवर आसियातला निघालेली एक सुईण होती, पन्नाशीची, हातात सतत विणकाम. माझ्या नवऱ्याने तिला आपला चिवडा दिला, तिने आम्हाला वाळवलेले अमासात दिले, म्हणजे कॅपेलिन नावाचे बोटाएवढे मासे, उन्हात खडकांवर वाळवतात. नवरा मालवणचा, त्याला पहिल्या घासातच सुका बांगडा आठवला आणि त्याने अर्धी पिशवी संपवली.

सुईणबाईंशी ज्या गप्पा झाल्या त्या या सगळ्या प्रवासातल्या सर्वात महत्त्वाच्या. ती गरोदर बायकांना काय सांगते? अस्वल नको, दात असलेले देवमासे म्हणजे नारव्हाल, बेलुगा वगैरे नको, म्हातारे सील नको, काही समुद्री पक्षी टाळा. मासे खा, लहान सील चालेल, बेरी खा. कारण मिथाइल पारा वारेतून बाळापर्यंत पोचतो, नाळेच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षा जास्त भरतो, आणि नेमका मेंदू तयार होत असताना. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १९८६-८७ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, तिथे पायलट व्हेल नावाचा दातवाला देवमासा खातात. आईच्या पोटात जास्त पारा मिळालेली मुलं सात वर्षांची झाल्यावर भाषा, लक्ष, स्मरणशक्ती यांच्या चाचण्यांत थोडी मागे पडलेली दिसली. आजारी मुलं नव्हेत हं, शाळेत जाणारी, खेळणारी, बाहेरून काही कळणार नाही अशी. २००८ मध्ये फेरोच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी जाहीरच सांगितलं की पायलट व्हेल माणसांनी खाऊ नये.

मी विचारलं, बायका ऐकतात का. ती म्हणाली तरुण बायका ऐकतात, आणि ग्रीनलंडच्या गरोदर बायकांच्या रक्तातला पारा गेल्या काही दशकांत कमीही झालाय. पण तो कमी झाला कारण त्या आता सील कमी खातात आणि दुकानातलं जास्त, समुद्र स्वच्छ झाला म्हणून नाही. हे सांगताना तिचं विणकाम थांबलं. दुकानातलं म्हणजे गोठवलेला पिझ्झा, सॉसेज, गोड पेयं. सीलमध्ये लोह आहे, ओमेगा-३ आहे, ड जीवनसत्त्व आहे, देवमाशाच्या मत्ताकमध्ये म्हणजे कातडी आणि तिच्याखालच्या चरबीत क जीवनसत्त्व आहे, ज्यामुळे इथले लोक भाजीपाला नसताना शतकानुशतकं जगले. ते सोडा म्हणायचं आणि त्याजागी हे द्यायचं, तिला रोज हेच करावं लागतं. विष कोणी टाकलं आणि पथ्य कोणी पाळायचं!

पारा एकदा खाणं बंद केलं की शरीरातून हळूहळू जातो, साधारण दोन महिन्यांत निम्मा होतो. म्हणून ती दिवस राहायच्या आधीपासूनच काळजी घ्यायला सांगते.

दुसऱ्या दिवशी मानिट्सोकनंतर कधीतरी आर्क्टिक वृत्त ओलांडलं, जहाजावर घोषणा झाली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी सिसिमिउतला जहाज थोडं थांबतं, तेवढ्यात उतरून जुनं निळं चर्च बघून या, त्याच्या आवारात शिरायला बोहेड देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची कमान आहे. बोहेड दोनशेच्या वर वर्षं जगू शकतो. इतकं आयुष्य आणि इतकं प्रचंड शरीर, मग त्यात पारा खच्चून भरलेला असणार असं वाटेल, पण नाही. तो कोपेपॉड नावाचे समुद्रातले बारीक जीव गाळून खातो, म्हणजे साखळीच्या अगदी खालच्या पायरीवर जेवतो, त्यामुळे त्याच्यात पारा कमी. वयाबरोबर पारा साठतो हे खरं, पण तुम्ही कोणाला खाता यावर त्याहून जास्त ठरतं.

इलुलिसात, पहिला दिवस

पहाटे आसियातला सुईणबाई उतरल्या, धक्क्यावरून हात हलवत राहिल्या. तिथून पुढे डिस्को उपसागर आणि पहिले मोठे हिमनग. मी वर्णन करत बसत नाही, फोटोत बघितलेले असतात ते, पण त्यांचा आवाज फोटोत येत नाही, आतली हजारो वर्षांपूर्वीची कोंडलेली हवा सुटताना बर्फ तडतडतो आणि मधेच कुठेतरी दूर तोफेसारखा धडाका होतो.

गाव पाचेक हजार वस्तीचं, रंगीत लाकडी घरं आणि सगळीकडे साखळीने बांधलेले स्लेजचे कुत्रे. त्यांना हात लावायला जाऊ नका, पाळीव नाहीत ते, कामाचे आहेत. डासांबद्दल कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, जुलैत ढगच्या ढग असतात, तोंडावर घालायची जाळी कोपनहेगनहूनच घेऊन या, तिथे महाग मिळते.

दुपारी कांगिया हिमफियोर्डच्या कडेने सेर्मेर्मिउतपर्यंत लाकडी फळ्यांच्या वाटेने चाललो. सेर्मेक कुयाल्लेक ही हिमनदी दिवसाला चाळीसेक मीटर इतक्या वेगाने सरकते आणि हे सगळे हिमनग तिचेच. इथे एक वादाचा मुद्दा आहे. २०२१ मध्ये एका अभ्यासात नैऋत्य ग्रीनलंडच्या बर्फ वितळून येणाऱ्या नद्यांत खूप पारा सापडल्याचं आलं आणि जगभर बातमी झाली, नंतर दुसऱ्या गटांनी मोजलं तर फारच कमी निघाला. म्हणजे बर्फाच्या पाण्याला एवढ्यात दोषी धरू नये. मला या लोकांचं हे आवडतं, पुन्हा जाऊन मोजतात.

हवेतून येणाऱ्या पाऱ्याचा प्रकार मात्र पक्का माहीत आहे आणि तो विलक्षण आहे. १९९५ साली कॅनडाच्या अगदी उत्तरेला अलर्ट नावाच्या ठिकाणी संशोधकांना दिसलं की ध्रुवीय रात्र संपून वसंतात सूर्य वर आला की हवेतला पारा काही तासांत जवळजवळ गायब होतो. समुद्री बर्फावरच्या खारापासून ब्रोमीन सुटतं, उन्हात त्याची पाऱ्याशी प्रक्रिया होते आणि वर्षभर हवेत तरंगू शकणारा पारा बर्फावर खाली बसतो. त्यातला काही परत हवेत जातो, काही वितळणाऱ्या पाण्याबरोबर समुद्रात. समुद्रात जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात आणि मग तो जिवांच्या शरीरातून बाहेर निघता निघत नाही.

इलुलिसात, बोटीचा दिवस

घर ज्यांच्याकडे भाड्याने घेतलं होतं त्या काकांचा मेहुणा हॅलिबट पकडतो, त्याने आम्हाला त्याच्या छोट्या बोटीतून ओकात्सुतला नेलं. टूर कंपनीच्या बोटी आरामदायक असतात, पण ओळखीतून जमलं तर असं जा, अर्थात लाइफ जॅकेट आणि अंगभर घालायचा सूट मागून घ्याच, त्या पाण्यात पडलात तर काही मिनिटांचाच खेळ आहे.

वाटेत त्याने लांब दोरी वर ओढली, शेकडो गळ लावलेली, तळापासून वर येणारी, आणि एकेक काळसर चपटा हॅलिबट बोटीत पडू लागला. गावातली निम्मी घरं या माशावर चालतात. त्याने एकाचं पोट तिथेच चिरलं, आत कोळंबी आणि अर्धवट पचलेला छोटा मासा. मी ते बघून नवऱ्याला म्हटलं की अख्खी साखळी इथेच उघडी पडली बघ. पाण्यातला मिथाइल पारा शेवाळात, शेवाळ कोपेपॉडात, कोपेपॉड अमासात आणि ध्रुवीय कॉडमध्ये, ते हॅलिबट आणि सीलमध्ये, सील अस्वलात, आणि प्रत्येक पायरीवर प्रमाण काही पटींनी वाढत जातं, म्हणून वरच्या टोकाला ते पाण्याच्या लाखो पट होतं. हॅलिबटमध्ये पारा असतो पण सीलच्या यकृताच्या मानाने फारच कमी, आणि आम्ही तो खाल्ला, ओकात्सुतला पोचल्यावर, लोण्यात परतून आणि वरून नुसतं मीठ घालून, इतका सुंदर मासा मी फार कमी वेळा खाल्लाय.

परतताना दोन हंपबॅक देवमासे. एक तर बोटीपासून जेमतेम पन्नास मीटरवर, शेपटी वर करून बुडला, पाण्यावर गुळगुळीत गोल डाग राहिला. हंपबॅकला दात नसतात, तो क्रिल नावाचे कोळंबीसारखे बारीक जीव आणि अमासात खातो, बोहेडसारखाच खालच्या पायऱ्यांवर. मेहुणा हसून म्हणाला की हा खायला चांगला, दातवाले नकोत, हे आमच्याकडे आता लहान मुलालाही माहीत आहे.

इलुलिसात, काफेमिक

काफेमिक म्हणजे घर उघडं ठेवायचं, वाढदिवस असो, बाळाचं बारसं असो, शाळेचा पहिला दिवस असो, येईल त्याने यायचं, खायचं, गप्पा मारायच्या आणि पुढच्याला जागा द्यायची. बूट दाराबाहेर काढा आणि फार वेळ बसून राहू नका, हे दोन नियम. घरमालक काकूंच्या नातवाचा वाढदिवस होता, टेबलावर सहा प्रकारचे केक आणि एका बाजूला ग्रीनलंडचं जेवण: कच्चं मत्ताक बारीक चिरे देऊन, वाळवलेला हॅलिबट, कस्तुरी बैलाचं मांस. मत्ताकचा एक तुकडा मी खाल्ला, आधी रबरासारखं लागतं, मग ओल्या नारळासारखी गोडसर चव येते.

काका मूळचे पार उत्तरेतल्या कानाकचे, तिथे अजून कयाकमधून हार्पूनने नारव्हालची शिकार होते. ग्रीनलंडमध्ये माणसांच्या शरीरात सगळ्यात जास्त पारा त्याच भागात आढळलाय, कारण उघड आहे, जेवणात नारव्हाल आणि सील सगळ्यात जास्त. नारव्हालचा लांब दात झाडाच्या खोडासारखा दरवर्षी एक थर वाढवतो. वायव्य ग्रीनलंडमधल्या दहा दातांचे थर तपासून २०२१ साली दाखवलं गेलं की साधारण २००० पासून पारा झपाट्याने चढलाय, आणि तोही नारव्हालनी साखळीतले खालचे मासे खायला सुरुवात केलेली असताना. खाणं बदलून कमी व्हायला हवा होता तो उलट वाढला. काकांना हे माहीत होतं, कारण ते दात त्यांच्यासारख्याच शिकाऱ्यांकडून आलेले. ते म्हणाले, माझ्या बापाने मला देवमासा कसा मारायचा, कसा वाटायचा हे शिकवलं. कोणाच्या घरी कोणता भाग जायचा हे ठरलेलं असतं. आता मी मुलीला सांगतो की तू खाऊ नकोस. तिच्या वाट्याचा भाग कोणाला देऊ?

त्यांची मुलगी तिथेच होती, सातव्या महिन्यातली, केक खात. तिने सरळ विचारलं की हा पारा येतो कुठून.

मी खरं ते सांगितलं. २०१५ साली जगभरात माणसांच्या उद्योगांमुळे साधारण २२२० टन पारा हवेत गेला. सर्वात मोठा वाटा छोट्या सोन्याच्या खाणींचा, तिथे सोनं वेगळं करायला पारा वापरतात आणि मग जाळतात. त्यानंतर कोळसा, पाचवा हिस्सा. जवळजवळ निम्मा पारा आशियातून. मी ज्या गावात वाढले तिथे महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं सरकारी कोळशावरचं वीज केंद्र आहे, २९२० मेगावॉटचं, आणि माझे बाबा तिथे काम करायचे, त्याच पगारावर मी शिकले. हेही सांगितलं. ती रागावली नाही. तिने विचारलं की तिथे राहणाऱ्या लोकांना त्रास होत नाही का? मग मी तिला चंद्रपूरच्या राखेबद्दल, खोकल्याबद्दल, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणाऱ्या काळ्या थराबद्दल सांगत बसले, आणि तिची आई ऐकायला जवळ येऊन बसली.

नवऱ्यालाही सांगण्यासारखं होतं. मालवणात बाळंतिणीला मोरीचं, म्हणजे छोट्या शार्कचं कालवण देतात, दूध भरपूर येतं म्हणून. माझ्या सासूबाईंनी मलाही दिलं होतं, प्रेमाने, तिरफळं घालून. शार्क शिकारी मासा, साखळीत वरचा, त्यामुळे गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी मोठा शार्क टाळावा असं बऱ्याच देशांत सांगतात. छोट्या पिल्लांमध्ये पारा कमी असतो, तारली, बांगडा, बोंबील तर अजून सुरक्षित आणि पौष्टिक. घरी कोणाला दिवस गेले असतील तर मासे बंद करू नका, फक्त मोठ्या शिकारी माशांऐवजी हे छोटे द्या. हे मी सासूबाईंशी फोनवर बोलले, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या मग पुढच्या खेपेला तारली देईन.

इलुलिसात, धुक्याचा दिवस

निघायच्या दिवशी धुक्याने विमान रद्द. इथे हे नेहमीचं आहे, म्हणून परतीचं पुढचं विमान कधीही त्याच दिवशीचं घेऊ नका, एक दिवस मोकळा ठेवाच. आम्ही परत काकूंकडे गेलो, त्यांनी आधीच कॉफी टाकली होती. दुकानात आठवण म्हणून नारव्हालच्या दाताच्या किंवा अस्वलाच्या नखांच्या वस्तू दिसतील, घेऊ नका, देशाबाहेर नेता येत नाहीत. सीलच्या कातड्याचे हातमोजे घ्यायचे तर बरोबर मिळणारा कागद जपून ठेवा आणि आपल्या देशाचा नियम आधी बघा.

त्याच दरम्यान बाबांचा फोन. ११ जुलैला केंद्र सरकारची अधिसूचना निघाली होती, देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना धुरातला गंधक काढायची यंत्रणा, एफजीडी, बसवण्यातून सूट. बाबांनी गंधकाचं म्हणून सांगितलं, पण एफजीडीमध्ये गंधकाबरोबर पाऱ्याचाही बराचसा विरघळणारा भाग अडकतो, म्हणून ती बसली असती तर पाराही कमी झाला असता. आपल्याकडे डिसेंबर २०१५ च्या नियमांत वीज केंद्रांच्या पाऱ्यालाही मर्यादा घातलेली आहे, आणि भारत २०१८ पासून मिनामाता करारात, म्हणजे पारा कमी करायच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. त्या कराराच्या प्रस्तावनेतच आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांच्या पारंपरिक अन्नात साठणाऱ्या पाऱ्याचा उल्लेख आहे, म्हणजे काका-काकूंच्या टेबलावरच्या जेवणाचा. आपण त्यावर सही केलीय.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, प्रदूषित शहरांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेक करून घेणार आहेत, आणि चंद्रपूर त्या यादीत आहे. निवृत्त झालेल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावर जोरात चर्चा चालू आहे म्हणे, एफजीडीचा खर्च विजेच्या बिलावर येईल म्हणून अर्धे लोक सूट बरोबर म्हणतायत. बाबांनी ग्रुपवर काही लिहिलं नव्हतं. मी त्यांना काकांची गोष्ट सांगितली, नारव्हालच्या दाताचं आणि मुलीच्या वाट्याचं. ते म्हणाले हे मला नीट लिहून पाठव, आकड्यांसकट, ग्रुपवर टाकतो.

धुकं संध्याकाळपर्यंत उठलं नाही. काकूंनी हॅलिबटचं सूप केलं, मुलीला वाढलं, मग आम्हाला. मी टेबलाच्या कोपऱ्यावर बसून बाबांसाठी लिहायला घेतलं.